एकाच पाटाचे पाणी

‘रायव्हल’ हा शब्द आता मराठी घरात परका राहिलेला नाही. निवडणूक आली की तो वर्तमानपत्रात भेटतो, क्रिकेटचा सामना असला की समालोचकाच्या तोंडी येतो, आणि दहावीचा निकाल लागला की दोन शेजारघरांच्या मधल्या भिंतीवरूनही ऐकू येतो. अर्थ विचारला तर शाळकरी मुलगा चटकन ‘प्रतिस्पर्धी’ म्हणून सांगेल. मोठी माणसे ‘विरोधक’ म्हणतील. राग ताजा असेल तर ‘वैरी’ म्हणायलाही कोणी कचरणार नाही.

इंग्रजी शब्दांची कुळकथा सांगणारा कोश उघडला तर मात्र या शब्दापाशी वैराचा मागमूस दिसत नाही. तिथे दिसते पाणी. लॅटिन भाषेत ‘रिवुस’ म्हणजे ओढा, ओहोळ किंवा शेताला पाणी नेणारा पाट. त्यावरून ‘रिवालिस’ हा शब्द झाला. त्याचा अर्थ एकाच पाटाचे पाणी घेणारा. म्हणजे रायव्हल हा मुळात आपला पाणीवाटेकरी. त्याचे शेत आपल्या शेताच्या आगेमागे, त्याची पाळी आपल्या पाळीच्या आधी किंवा नंतर, आणि पाट फुटला तर तोंडचे पाणी दोघांचेही पळायचे.

असा हा वाटेकरी वैरी कधी झाला, आणि का झाला? वरवर पाहता हा प्रश्न भाषाशास्त्राचा आहे. पण थोडे खोल उतरले की तो नीतीच्या प्रांतात शिरतो. ज्याच्याशी आपले सर्वांत जास्त सामाईक असते त्याच्याशीच आपले भांडण का व्हावे? आणि भांडण झालेच, तर त्या माणसाचे आपण काही देणे लागतो का? दोन भाषांच्या, दोन राज्यांच्या सीमेवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्यासारख्यांना या प्रश्नापासून पळता येत नाही. तो दारातच उभा असतो.

प्रथम एक फसवी खूण बाजूला करायला हवी. इंग्रजीत नदीला ‘रिव्हर’ म्हणतात. तेव्हा ‘रिव्हर’ आणि ‘रायव्हल’ ही सख्खी भावंडे असणार, असे कोणालाही वाटेल. पण तसे नाही. ‘रिव्हर’ हा फ्रेंच भाषेतून आलेला शब्द लॅटिन ‘रीपा’ या शब्दापर्यंत पोचतो, आणि रीपा म्हणजे काठ, तीर. ‘अराइव्ह’ म्हणजे पोचणे, हाही त्याच कुळातला, मुळात किनाऱ्याला लागणे. नदीतंट्यांच्या कायद्यात ‘रायपेरियन’ राज्ये असा शब्द येतो आणि आपण त्याचे ‘तटवर्ती’ असे भाषांतर करतो. तोही रीपाचाच. रिवुसचा खरा सोयरा आहे ‘डिराइव्ह’. आज मुले गणितात सूत्र डिराइव्ह करतात, पण मुळात त्याचा अर्थ वाहत्या प्रवाहातून पाणी काढून आपल्याकडे वळवणे असा आहे.

हा भेद नुसता कोशातला नाही. काठावर असणे ही केवळ जागा झाली. काठावरचा माणूस पाण्याकडे पाहत बसला तर त्याचे कोणाशी बिनसण्याचे कारण नाही. पाटाचे पाणी घेणारा मात्र पाणी वळवतो, आणि त्याने वळवलेले प्रत्येक घमेलेभर पाणी खालच्याच्या वाट्यातून जाते. रायव्हल या शब्दात हे देणेघेणे पहिल्यापासून आहे.

रोमन लोक शेती करणारे, आणि कायद्याचेही मोठे शौकीन. पाण्यावरून होणारी भांडणे त्यांनी पुष्कळ पाहिली होती. सम्राट जस्टिनियन याने जुन्या न्यायपंडितांचे उतारे विषयवार लावून इ. स. ५३३ मध्ये ‘डायजेस्ट’ नावाचा प्रचंड ग्रंथ सिद्ध करवला. त्याच्या ४३व्या भागात पाटपाण्याची प्रकरणे आहेत. तिथे तिसऱ्या शतकाच्या आरंभीचा न्यायपंडित उल्पियन हा ‘रिवालिस’चा अर्थ आपल्याला हवा तसाच सांगतो : एकाच पाटातून पाणी नेणारे ते रिवालिस. पुढे तो म्हणतो की, अशा दोघांत पाण्याच्या वापरावरून तंटा झाला आणि दोघेही हक्क आपलाच म्हणू लागले, तर न्यायाधिकाऱ्याचा दुहेरी मनाईहुकूम दोघांनाही मागता येतो.

या ‘दुहेरी’ शब्दात सारे मर्म आहे. नेहमीच्या दाव्यात एक वादी असतो आणि दुसरा प्रतिवादी. एकाने बोट दाखवायचे आणि दुसऱ्याने अंग चोरायचे. दुहेरी हुकुमात मात्र प्रत्येक जण वादीही असतो आणि प्रतिवादीही. मी तुझ्यावर आरोप करतो त्याच क्षणी मीही आरोपीच्या जागी उभा राहतो. पाटाचे वाटेकरी एकमेकांविरुद्ध उभे राहिले तरी एकाच तराजूत उभे राहतात, हे त्या कायद्याने ओळखले होते. आणि गंमत अशी की उल्पियनने या वाक्याच्या शेवटी जे क्रियापद वापरले त्याच धातूपासून पुढे इंग्रजीत ‘कॉम्पीट’ म्हणजे स्पर्धा करणे हा शब्द आला. इथे त्याचा अर्थ आहे ‘लागू पडणे’, ‘हक्क असणे’. ‘कॉम्पिटन्ट’ म्हणजे अधिकारी, समर्थ, या शब्दात तो जुना अर्थ अजून टिकून आहे.

त्याच भागात पाठोपाठ आणखी एक मनाईहुकूम येतो. पाट दुरुस्त करणाऱ्याला, त्यातला गाळ काढणाऱ्याला कोणी बळजबरीने अडवू नये, असा त्याचा आशय. पाणी वापरण्याचा हक्क एका कलमात आणि पाट साफ ठेवण्याचा हक्क दुसऱ्यात. भांडण चालू असले तरी गाळ उपसणाऱ्याचा हात धरायचा नाही. ही समज आपल्याकडच्या कोणत्याही म्हाताऱ्या शेतकऱ्याला सांगावी लागणार नाही.

कायद्याच्या पुस्तकात स्थिर होण्याच्या आधीच हा शब्द नाटकात शिरला होता. प्लाउटुस या रोमन नाटककाराचे ‘स्तिखुस’ नावाचे प्रहसन इ. स. पूर्व २०० मध्ये रंगभूमीवर आले. त्यात दोन गुलामांचे एकाच दासीवर प्रेम आहे. ते स्वतःला रिवालिस म्हणवतात. आता मारामारी होणार असे आपल्याला वाटते, पण ते दोघे तिच्यासह एकत्र बसून पितात आणि नाचतात. विनोदाची पातळी आपण सोडून देऊ. शब्दाच्या दृष्टीने तो क्षण मोलाचा आहे, कारण तिथे वाटेकरीपण आणि चढाओढ हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदताना दिसतात. पुढे प्रेमाच्या गोष्टींत शब्द फिरत राहिला आणि वाटेकरीपण झिजत गेले. पाणी वाटून घेता येते, प्रेम वाटून घेता येत नाही, म्हणून असेल.

इ. स. पूर्व ५४ मध्ये सिसेरोने आपल्या भावाला लिहिलेल्या एका पत्रात हिर्रुस या राजकारण्याची थट्टा केली आहे. हा गृहस्थ स्वतःच्याच प्रेमात पडलेला आहे आणि त्या प्रेमात त्याला कोणी रिवालिस नाही, असा त्याचा रोख. थट्टा थोडी खोल आहे. ज्याला कोणीच रिवालिस नाही त्याचा पाट दुसरे कोणी वापरत नाही. म्हणजे ते पाणी इतर कोणाला नकोच आहे.

इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकात आला तेव्हाही त्याची जुनी ओल पुरती सुकलेली नव्हती. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चा पहिला प्रवेश आठवावा. मध्यरात्र, किल्ल्याचा तट, कडाक्याची थंडी. पहाऱ्यावरचा बर्नार्डो आपल्या पाळीच्या साथीदारांना लवकर पाठवायला सांगतो, आणि त्या साथीदारांसाठी तो चक्क ‘रायव्हल्स’ हा शब्द वापरतो. होरेशिओ आणि मार्सेलस हे काही त्याचे वैरी नव्हेत. ते पहाऱ्याचे वाटेकरी. १६०३ साली छापलेल्या या नाटकाच्या पहिल्या प्रतीत त्याच जागी ‘पार्टनर्स’ असा शब्द आहे आणि पुढच्याच वर्षीच्या दुसऱ्या प्रतीत ‘रायव्हल्स’. त्या काळच्या प्रेक्षकाला दोन्ही शब्द त्या जागी चालत होते. आज कोणी सोबत्याला रायव्हल म्हटले तर मारामारी होईल.

लॅटिनचे सोडा, आपल्याकडे तरी काय वेगळे घडले? संस्कृतातला ‘भ्रातृव्य’ हा शब्द पाहा. भ्रातृ म्हणजे भाऊ. त्यावरून भावाच्या नात्यातला, पुतण्या किंवा चुलतभाऊ असा अर्थ व्हावा, आणि तो होतोही. पण वैदिक वाङ्मयात भ्रातृव्य म्हणजे शत्रू. पाणिनीने तर अष्टाध्यायीच्या चौथ्या अध्यायात या एका शब्दासाठी लागोपाठ दोन सूत्रे खर्ची घातली, एक नात्याच्या अर्थासाठी आणि लगेच पुढचे ‘सपत्न’ म्हणजे शत्रू या अर्थासाठी. हा ‘सपत्न’ तरी कुठला? ‘सपत्नी’ म्हणजे ज्यांचा पती एक त्या स्त्रिया. त्यावरून पुढे पुल्लिंगी ‘सपत्न’ तयार झाला असे भाषाभ्यासक मानतात, आणि त्या सपत्नीचीच आपली ‘सवत’ झाली. घर एक, चूल एक, कुंकू एकाच्या नावाचे, आणि शब्दाचा अर्थ मात्र मत्सर.

‘दायाद’ म्हणजे दाय घेणारा, वडिलार्जित संपत्तीचा वाटेकरी. आपल्या कन्नड शेजाऱ्यांच्या तोंडी ‘दायादी’ आला की त्याला बहुधा मत्सर चिकटूनच येतो. तेलुगू वर्तमानपत्रे तर पाकिस्तानला ‘दायादी देश’ म्हणतात, हैदराबादकर वाचकांना ते नवे नाही. आणि मराठी? भाऊ आणि बंधू असा दोनदा जिव्हाळा ओतून आपण ‘भाऊबंद’ शब्द घडवला आणि मग त्याची ‘भाऊबंदकी’ केली. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ सालच्या खुनावर खाडिलकरांनी १९०९ मध्ये नाटक लिहिले, त्याला हेच नाव दिले. दुसरे कोणते नाव शोभले असते? कौरव-पांडवांचे युद्ध हे तरी भ्रातृव्यांचेच.

तेव्हा टायबरकाठचा शेतकरी, वैदिक काळातला गृहस्थ आणि शनिवारवाड्यातला कारभारी या सर्वांच्या भाषेने एकच प्रवास केला आहे. वाटेकऱ्याचे नाव घेऊन निघालेला शब्द वैऱ्याच्या घरी मुक्कामाला गेला. एखाद्याच शब्दाचे असे झाले असते तर अपघात म्हटले असते. पण निरनिराळ्या भाषांत पुनःपुन्हा हेच घडले असेल, तर दोष भाषेत शोधण्यात अर्थ नाही. माणसाच्या स्वभावातच काही तरी असले पाहिजे.

ते काय असावे? मला वाटते, हेवा हा नेहमी अंतर मोजून केला जातो. दूरच्या राजाच्या वैभवाने आपली झोप उडत नाही. शेजाऱ्याच्या गच्चीवर नवी खोली चढली की उडते. ख्रिस्तपूर्व सुमारे ७०० मध्ये हेसिअड नावाच्या ग्रीक कवीने कुंभाराला कुंभाराचाच हेवा वाटतो हे सांगून ठेवले आहे. मात्र त्याने कलहाच्या देवता दोन मानल्या. एक माणसाला युद्धात लोटणारी, आणि दुसरी, शेजाऱ्याचे नांगरलेले शेत दाखवून आळशाला उठवणारी. ही दुसरी देवता माणसांच्या भल्याची. चढाओढीतून कामे चांगली होतात, हे कोण नाकारील? शर्यतीत एकटाच धावणारा क्वचितच जोरात धावतो.

दोन्ही देवता एकाच घरात राहतात, आणि कोणती केव्हा दार उघडील याचा नेम नाही. पाट नजरेसमोर असेपर्यंत चढाओढ ही चढाओढ राहते. शेजाऱ्यापेक्षा माझे पीक चांगले यावे असे मला वाटते, पण त्यासाठी पाट बुजवावा असे वाटत नाही. ज्या दिवशी पाट विसरला जातो आणि समोरचा माणूस तेवढा दिसत राहतो, त्या दिवशी वाटेकऱ्याचा वैरी होतो. शब्दाच्या इतिहासात नेमके हेच घडले आहे. ‘रायव्हल’मधला ओढा आटला आणि भांडण तेवढे उरले.

इथे एखादा चिकित्सक वाचक हरकत घेईल. शब्दाचा जुना अर्थ काहीही असो, त्यावरून आज कसे वागावे हे थोडेच ठरते? हरकत अगदी योग्य आहे. ‘कुशल’ म्हणजे मुळात दर्भ नीट आणणारा, असे जुने पंडित सांगत, आणि मम्मटाने रूढीने अर्थ कसा बदलतो याचे उदाहरण म्हणून हाच शब्द दिला. म्हणून कुशल शल्यविशारदाकडे कोणी दर्भाची जुडी मागत नाही. व्युत्पत्ती हा पुरावा नव्हे, ती फक्त साक्ष. साक्षीदार खरे बोलतो की नाही हे आपल्यालाच पडताळावे लागते.

दुसरी हरकत अधिक गंभीर आहे. ‘आपण सारे एकाच पाटाचे’ हे वाक्य कोणाच्या तोंडी शोभते? पाटाच्या मुखाशी ज्याचे शेत आहे त्याला हे म्हणणे सोपे असते. त्याच्याकडे पाणी आधी येते. पाटाच्या शेवटी ज्याची जमीन आहे तो मात्र रात्रभर कंदील घेऊन बांधावर बसतो आणि पहाटे त्याच्या वाट्याला ओला चिखल येतो. दोघांनाही रिवालिस हे एकच नाव, पण दोघांची स्थिती एक नाही. वरच्याने सलोख्याचे गोडवे गावेत आणि खालच्याने तहान गिळावी, याला बंधुभाव म्हणत नाहीत. वाटेकरीपण म्हणजे समता नव्हे. समता ही नियम करून, राखण करून आणावी लागते.

माणसांनी ती आणलेली आहे. स्पेनमधल्या वॅलेन्सिया शहरात दर गुरुवारी दुपारी बाराच्या सुमाराला प्रधान चर्चच्या एका दाराशी पाण्याचे न्यायालय भरते. तुरिया नदीवरच्या आठ कालव्यांच्या शेतकऱ्यांनी निवडलेले प्रतिनिधी, अंगात काळा डगला घालून, अर्धवर्तुळात बसतात. ते स्वतः शेतकरी. वकील नाहीत, लेखी कैफियत नाही, सारे तोंडी. पाळी नसताना पाणी घेतले, गाळ काढला नाही, शेजाऱ्याच्या शेतात पाणी सोडले, अशा तक्रारी येतात आणि जागच्या जागी निकाल लागतो. त्यातला एक रिवाज मोठा विचारी आहे. आरोपी नदीच्या एका काठच्या कालव्याचा असेल तर निकाल सुचवायचा तो पलीकडच्या काठच्या प्रतिनिधींनी. शतकानुशतके चालत आलेल्या या न्यायालयाला युनेस्कोने २००९ मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले.

फार दूर जायला नको. धुळे-नाशिककडे पांझरेसारख्या नद्यांवर जुनी फड पद्धत आहे. नदीला बंधारा, बंधाऱ्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे, गावाने नेमलेल्या पाटकऱ्याने पाणी सोडायचे, आणि पाटाची साफसफाई सर्वांनी मिळून करायची. या माणसांत भांडणे नव्हती असे समजू नये. भांडणे होणार हे गृहीत धरूनच त्यांनी पाटकरी नेमला होता. सामाईक गोष्ट टिकवण्याचा हाच मार्ग दिसतो. हेवा जाणार नाही हे मान्य करायचे आणि पाट मात्र कोणाच्या हेव्यावर सोडायचा नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहू. बेळगाव जिल्ह्यातला खानापूर तालुका हा या बाबतीत नवलाचा मुलूख. देगावच्या रानात उगम पावणारी म्हादई पश्चिमेला वळून गोव्यात जाते आणि मांडवी होऊन अरबी समुद्राला मिळते. त्याच तालुक्यात कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पूर्वेची वाट धरते, कृष्णेला मिळते आणि बंगालच्या उपसागराला जाते. एकाच पावसाचे थेंब, पण एखाद्या कड्याच्या या किंवा त्या अंगाला पडले एवढ्यावरून त्यांचे समुद्र वेगळे होतात. म्हादईच्या पाण्यावरून गोवा, कर्नाटक आणि महाराष्ट्र यांच्यात तंटा झाला. २०१० मध्ये लवाद नेमला गेला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये निवाडा आला. गोव्याला २४, कर्नाटकाला १३.४२ आणि महाराष्ट्राला १.३३ अब्ज घनफूट पाणी. आकडे दशांशापर्यंत मोजले गेले, पण निवाड्याने तंटा मिटला नाही.

कृष्णाकाठचे उलट. उन्हाळ्यात तिथे कमी पाण्यावरून बोलणी होतात आणि पावसाळ्यात जास्त पाण्यावरून. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापूर बुडाले तेव्हा अलमट्टी धरणाकडे बोट दाखवले गेले. त्याच पुरात बेळगाव जिल्ह्यातली गावेही पाण्याखाली होती. पाणी टंचाईत वाटेकरी करते आणि पुरातही करते. आपल्याला नको असले तरी करते.

पण आपल्याकडे रायव्हल हा शब्द पाण्यापेक्षा भाषेच्या बाबतीत अधिक ऐकू येतो. म्हणून एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा. भाषा ही पाटाच्या पाण्यासारखी आहे का? दुसऱ्याने घोट घेतला म्हणून माझा वाटा कमी होतो का? पाणी वापरले की सरते. भाषा वापरली नाही तर आटते. शेजाऱ्याने कन्नड बोलल्यामुळे मराठीचा एकही शब्द कमी होत नाही, आणि उलटही तेच. तूप हा आपल्या पानावरचा शब्द कन्नड ‘तुप्प’चा भाऊ. अण्णा आणि अक्का तर दोन्ही घरांत एकाच आदराने हाक मारून घेतात. आणि ज्या पाटाविषयी आपण बोलतो आहोत त्याला आपण कालवा म्हणतो, ते कालुवे म्हणतात. पाणी वाहून नेणारा शब्दच मुळी दोघांत सामाईक.

मात्र एवढे बोलून थांबलो तर ते मुखाशी बसलेल्याचे गोड बोलणे होईल. भाषा सरत नसली तरी भाषेच्या आधाराने जे मिळते ते मोजकेच असते. शाळेतला वर्ग, कचेरीतला अर्ज, नोकरीची जागा, पाटीवरची ओळ, या गोष्टी पाण्यासारख्याच मोजून वाटायच्या आहेत. तिथे शेवटच्या शेताने आपला वाटा मागितला तर तो हट्ट नव्हे. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी, असे राज्यघटनेच्या ३५०अ या अनुच्छेदात १९५६ साली घातले गेले. घटनाकारांच्या वारसांनी नेमलेला हा पाटकरीच म्हणायचा. त्याच्याकडे दाद मागणे हा आपला हक्क आहे आणि तो सोडू नये.

पण दुहेरी हुकूम विसरूनही चालणार नाही. बेळगावात मराठी माणसाचे शेत पाटाच्या शेवटी असेल, पण जत आणि अक्कलकोटकडे कन्नड बोलणारे कुटुंब महाराष्ट्रात राहते, आणि तिथे पाटाचे मुख आपल्या भाषेच्या हातात आहे. एके ठिकाणी आपण खालचे, दुसऱ्या ठिकाणी वरचे. जे आपण इथे मागतो ते तिथे द्यायला तयार आहोत का? ही कसोटी उल्पियनच्या कायद्याची आहे. बेळगावात मागितलेले पाणी अक्कलकोटात अडवले, तर आपली मागणी हक्काची राहत नाही, ती नुसत्या बळाची होते. हीच कसोटी पलीकडच्यांनाही लागू आहे. तिचा दुहेरीपणा तोच.

मग रायव्हलचे आपण काय देणे लागतो? मला तीन गोष्टी सुचतात आणि तिन्ही साध्या आहेत. पहिली, त्याचे असणे मान्य करणे. वैऱ्याचा नायनाट व्हावा असे माणसाला वाटते, वाटेकऱ्याबाबत तसे वाटून चालत नाही, कारण तो आहे म्हणूनच पाट दोघांच्या मेहनतीने वाहता आहे. दुसरी, आपण वरचे असू तेव्हा खालच्याची पाळी न विसरणे. कर्तव्याचे ओझे पाण्याच्या उलट वाहते, ते खालून वर चढते. आणि तिसरी, भांडण चालू असतानाही गाळ काढायला जाणे, आणि दुसरा गाळ काढत असेल तर त्याला न अडवणे. शेजारच्या भाषेचे चांगले पुस्तक वाचणे, त्यांच्या मुलांच्या शाळेचे भले चिंतणे, त्यांच्या सणाला फराळाचे ताट पाठवणे, हे सारे गाळ काढणेच आहे. त्याने सीमेचा प्रश्न सुटेल असे कोणी समजू नये. तो ज्या दरबारात सुटायचा तिथे सुटेल. तोपर्यंत पाट वाहता राहिला पाहिजे, कारण निकाल कोणाच्याही बाजूने लागला तरी दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी घ्यायला दोघांनाही तिथेच यायचे आहे.